कम्प्युटरचं पाणी

आमच्या कॉलेजात कम्प्युटर आला तेव्हा लातूर जिल्हा नवाकोरा होता. इतका नवा, की सरकारी पाट्यांवर 'जिल्हा लातूर' या अक्षरांखालून जुन्या जिल्ह्याचं नाव अजून डोकावत होतं. रंगाऱ्यांनी घाईत एकच हात मारला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. एका कचेरीत तर साहेबांच्या खुर्चीमागं घरमालकाच्या मुलीच्या लग्नातले हळदीचे पंजे भिंतीवर तसेच होते. गावाला मात्र जिल्हा झाल्याचा केवढा तोरा. पानवालासुद्धा सुटे पैसे देताना जिल्ह्याच्या ठिकाणी असल्यासारखा देत असे.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांवर उन्हातान्हात काम करणारे. नांदेड आम्हाला हाकेच्या अंतरावर, तिथं कॉलेजंही होती. तरी वडिलांनी मला लातूरला धाडलं, कारण तिथल्या कॉलेजात कम्प्युटर येणार असल्याचं त्यांना एका गार्डानं सांगितलं होतं. वडिलांनी कम्प्युटर पाहिलेला नव्हता. तो केवढा असतो, रुळांवर चालतो की टेबलावर, याचीही त्यांना खात्री नव्हती. पण मला नांदेडच्या बसस्टँडवर लातूरच्या गाडीत बसवताना ते खिडकीतून म्हणाले, "मशीन नवं हाय तवरच जाऊन हात लाव. जुनं झालं की मोठ्यांची पोरं पुढं निघून जातेत." मी पुढं नोकरीत पस्तीस-एक वर्षं काढली, शिक्षणावरची कितीतरी भाषणं ऐकली, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

लोहा, अहमदपूर करत गाडी लातूरला पोचली तेव्हा माझ्या केसांचा रंग रस्त्याच्या धुळीचा झाला होता. हॉस्टेलच्या खोलीत आधीच एक मुलगी येऊन बसली होती. उदगीरची, लिंगायत घरातली, वडिलांचं किराण्याचं मोठं दुकान. तिच्या आईनं तिच्याबरोबर झाकणाचा वेगळा माठ आणि वेगळा पेला दिला होता. तिनं मला नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. आडनावावर ती किंचित थांबली. मी ते थांबणं ओळखत होते, त्यामुळे माझा राग माझ्याआधी नाकावर येऊन बसला. पहिला महिना आम्ही एकमेकींशी फक्त दिव्याच्या बटणाबद्दल बोललो.

आम्हाला एकत्र आणलं ते कम्प्युटरनं आणि दुष्काळानं. कुणाचे उपकार मोठे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कम्प्युटर दोन होते. ते सांभाळणारे सर मूळचे पदार्थविज्ञानाचे. पुण्याला जाऊन कसलंसं शिक्षण घेऊन ते दोन्ही मशीन जणू मांडीवर घेऊनच परतले होते. त्यांच्या खोलीत जायचं म्हणजे देवळात जाण्यासारखं होतं. बाहेर चप्पल काढायची, बादलीतल्या पाण्यानं पाय धुवायचे, पायपुसण्यावर ते कोरडे करायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. धूळ म्हणजे कम्प्युटरचा काळ, असं सर सांगत. आत वाळ्याचा वास, कारण खिडकीत मोठा कूलर होता आणि तो दिवसभर घागरींवर घागरी पाणी पीत असे. माणसांना घाम आला तर चालेल, मशीनला येता कामा नये. खंडेनवमीला शिपायानं भक्तिभावानं दोन्ही मशीनला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, त्या थेट बटणांच्या फटीत गेल्या. सर दोन दिवस शिवणाच्या सुईनं तांदळाचे दाणे काढत बसले होते. शिपायाला मात्र ते काही बोलले नाहीत, कारण आदल्या दिवशी पूजा कर म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.

वर्गात आम्ही दोघीच मुली. मुलं खुर्चीला चिकटली की उठायची नाहीत, म्हणून आम्ही दोघींनी एक युती केली. एक बसली की दुसरीनं मागं उभं राहून कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. माझ्या नाकावरच्या रागाचा तिथं चांगला उपयोग झाला. तिची बोटं बटणांवर अशी चालत, की सर खडू हातात धरून नुसते बघत राहत. एक दिवस तिनं एकोणतीसचा पाढा पडद्यावर धो-धो ओतला. हिरवी अक्षरं वर सरकत होती आणि ती हसत होती. शाळेत याच पाढ्यासाठी तिनं छड्या खाल्ल्या होत्या. "आता ह्यो म्हणायलाय माझ्या बदल्यात," ती म्हणाली. त्या दिवशी खोलीवर येऊन तिनं मला पहिल्यांदा घरचं सगळं सांगितलं.

तिचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं. बिदरकडचं स्थळ, कापडाची पेढी. तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तिला कॉलेजचं वर्ष पुरं करायची मुभा दिली होती, आणि तीही लातूरच्या हॉस्टेलला मोठी भिंत आहे म्हणून. कम्प्युटरची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होती. ती पास झाली की बँकेत किंवा कचेरीत नोकरी मिळेल, आणि नोकरी असली की स्थळाला नाही म्हणता येईल, असा तिचा हिशेब होता. म्हणजे काहीही करून परीक्षेपर्यंत लातुरात राहायचं होतं. एकदा उदगीरला परत गेली की संपलं.

आणि नेमकं त्याच वर्षी पाणी संपलं.

दुष्काळ आम्हाला नवा नव्हता. मी लहान असताना मोठा दुष्काळ होऊन गेला होता, त्यात खडी फोडलेल्या बायका आमच्या घरी यायच्या आणि हाताचे घट्टे दाखवायच्या. पण हा दुष्काळ शहरातला होता. हॉस्टेलच्या विहिरीत पोहरा टाकला की दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. टँकर यायचा त्या दिवशी तास बुडवून रांग लावावी लागे. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचा झाकणाचा माठ कधी रिकामा झाला आणि कधी आम्ही दोघी एकाच बादलीतलं पाणी प्यायला, अंघोळीला आणि कपड्यांना वाटून घ्यायला लागलो, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तिच्या पेल्यात मी साबणवडी ठेवत असे.

शेवटी हॉस्टेल बंद झालं. सुट्टीआधीच सगळ्या मुलींना घरी जायला सांगितलं. ट्रंका, वळकट्या, रिक्षा, रडारड. परीक्षेला येऊ म्हणून गेलेल्यांपैकी कितीतरी जणी परत आल्या नाहीत. त्यातली एक मला पुढं अहमदपूरच्या स्टँडवर कडेवर मूल घेऊन भेटली आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर "आपल्या वेळचा ह्यो कम्प्युटर अजून हाय का गं?" ती आमच्या वर्गातली नव्हती, तिनं त्याला एकदाच हात लावला होता.

मला घरी जायचं कारण नव्हतं. माझी आत्या लातुरातच राहायची, सरकारी दवाखान्यात आया होती. आमच्याच लोकांच्या वस्तीत तिची पत्र्याची दोन खणांची जागा, भिंतीवर आमच्या घरोघरी असतात ते दोन फोटो, दारात मोगऱ्याचं वाळलेलं रोप. मी मैत्रिणीला म्हटलं, चल. ती ट्रंकेवर बसून होती. वळकटी घेऊन उठली आणि आली. उदगीरच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरकडून तिनं घरी निरोप धाडला, मैत्रिणीच्या आत्याकडं राहते, परीक्षा झाली की येते. आत्या कोण, वस्ती कुठली, ते कंडक्टरला सांगायची गरज तिला वाटली नाही.

आत्याला पाहुणी आल्याचा आनंद झाला, पण वस्तीतही पाण्याचे हालच होते. गल्लीच्या तोंडाशी एक हातपंप होता, तो तासभर हाणला की घागर भरे, आणि पाणी असं मचूळ खारट, की त्यात डाळ शिजायची नाही आणि चहा फाटल्यासारखा लागायचा. आलेल्या माणसाला आत्या म्हणून आधी गुळाचा खडा हातावर ठेवायची, मग पाणी द्यायची. "खारं हाय, पण आपलं हाय," असं म्हणायची.

सरांना आमची अडचण कळली. दोन पोरी एका गरीब बाईच्या पाण्यावर ओझं होऊन राहतात हे त्यांना बरं वाटलं नसावं. त्यांनी वर्ग पहाटेच्या थंड वेळी घ्यायला सुरुवात केली. त्या वेळी कूलर लावायची गरज नव्हती. प्राचार्यांनी कम्प्युटरसाठी टँकरच्या पाण्याचा वाटा बांधून दिलेला होता, तो मात्र रोज येऊन पडायचा. तो सरांनी आम्हाला दिला. सर मशीनच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते तसा, आणि जरा ऊब वाढली की म्हणायचे, "बस आता, त्याला दम खाऊ द्या." मशीन जळालं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्ही वर्ग संपला की डोक्यावर एकेक घागर घेऊन बाजारातून वस्तीकडं निघायचो. दुकानदार विचारायचे, कुठून आणलं गं पाणी? ही माझी मैत्रीण ठसक्यात सांगायची, "कम्प्युटरचं हाय." टँकरचं ते पाणी गोड होतं. आत्या त्यातलं वाटीभर वेगळं काढून डाळ शिजवायची.

एका रविवारी दुपारी अप्पा आले.

कॉलेज बंद, म्हणून घागरी आल्या नव्हत्या. आदल्या दिवशीचं जे थोडं उरलं होतं, त्यानं हिनं सकाळी केस धुतले होते, कारण पंपाच्या पाण्यानं केसांची पार दोरी होई. ती दारात केस मोकळे सोडून बसली होती आणि गल्लीच्या तोंडाशी पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला भस्म, काखेत छत्री आणि हातात पितळेचा फिरकीचा तांब्या असे तिचे वडील उभे. त्या वर्षी पाहुणे पाणी बरोबर घेऊनच प्रवास करायचे. कुणाच्या घरी जाऊन पाणी मागायचं नाही आणि दिलं तर नको म्हणायचं, ही दुष्काळातली रीतच झाली होती. अप्पा हॉस्टेलच्या रखवालदाराकडून पत्ता काढून, विचारत विचारत गल्लीत शिरले होते, म्हणजे वस्ती कुठली ते त्यांना कळून चुकलं होतं. ही केस मुठीत धरून आत सरकली.

"शरणार्थी," अप्पा लिंगायतांच्या रीतीनं आत्याला नमस्कार घालत म्हणाले, आणि बाजेच्या अगदी कडेला बसले. आत्यानं नमस्कार केला. भिंतीवरच्या फोटोंकडं त्यांनी एकदा पाहिलं आणि मग छत्रीकडं पाहत राहिले. फिरकीचा तांब्या त्यांनी जमिनीवर ठेवला तेव्हा त्याचा रिकामा आवाज आला.

आत्यानं पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र आणून समोर ठेवलं. गुळाचा खडा तिनं आणला नाही. पाणी घेतील की नाही त्याचाच पत्ता नाही तिथं गूळ कशाला, असं तिनं मला नंतर सांगितलं.

"ब्याड," अप्पा म्हणाले. घाईत कानडी आलं तोंडात. मग मराठीत, "नको. पाण्याचे दिवस न्हाईत, बाई. तुमालाच ऱ्हाऊ द्या."

आता यात वावगं काय होतं? दुष्काळात जो तो हेच म्हणायचा. मीही शेजाऱ्यांकडं हेच म्हणत असे. हे नको आमच्या जातीला होतं की आमच्या टंचाईला, कसं ओळखायचं? ओळखता येत नव्हतं याचाच मला जास्त संताप आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी गप्प बसले.

"पोरी, सामान घे," अप्पा मुलीला म्हणाले. "चारची गाडी हाय."

ती उठली नाही. खाली मान घालून, केसांचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अप्पा, ते पाणी हितलं न्हाई. कम्प्युटरचं हाय."

"कशाचं?"

"आमच्या कॉलेजातल्या मशीनचं. त्याला थंड ठेवायला टँकर येतो. सर आमच्या वाट्याचं आमाला देतेत. आमी डोक्यावर आणतो."

"मशीनला पाणी लागतंय?"

"लई लागतंय," ती म्हणाली.

अप्पांनी तांब्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फुलपात्र बाजूला सारून तांब्याच उचलला, वरून धार धरून घटाघटा प्याले, आणि अर्ध्यावर थांबून श्वास घेऊन परत प्याले. मिशी पुसली. रिकामा फिरकीचा तांब्या आत्याकडं सरकवला आणि म्हणाले, "एवढा भरून द्या. उन्हं लई हायत." आत्यानं तो काठोकाठ भरून दिला. जाताना त्यांनी दारात विचारलं, "परीक्षा कवा हाय?" हिनं सांगितलं. ते "हं" म्हणाले, छत्री उघडली आणि चारच्या गाडीला एकटेच गेले.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आत्या इतकी हसली, इतकी हसली, की पदर तोंडात कोंबावा लागला. हंड्यात कम्प्युटरच्या पाण्याचा थेंब नव्हता. सगळं सकाळीच केसांवर गेलं होतं. अप्पा प्याले ते गल्लीच्या पंपाचं, आत्यानं पहाटे स्वतः हाणून आणलेलं. आणि हे हिला पुरतं माहीत होतं. ती हसत नव्हती. गुडघ्यांत डोकं घालून रडत होती.

मला तर हसू आलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे आमचं पाणी चालत न्हाई, मशीनचं चालतं." आत्या डोळे पुसत म्हणाली, "पोटात तर आपलंच गेलं नव्हं? मग बस की." मला ते पटलं नाही. पुढंही बरीच वर्षं पटलं नाही.

आम्ही दोघी परीक्षा पास झालो. तिला बँकेत नोकरी लागली. बिदरचं स्थळ गेलं, पुढं तिनं स्वतः पाहून लग्न केलं, नोकरी सोडली नाही. मला त्या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टेबल मिळालं. तिथं कम्प्युटर यायला अजून बराच काळ जायचा होता, पण आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे कचरत होते आणि मी पुढं झाले. माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचे साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत. वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "चप्पल काढून बसतीस का?" पुढं पुढं मशीन इतकी स्वस्त झाली, की लोक त्यावर चहाचा कप ठेवू लागले. ते पाहिलं की मला सरांची आठवण येऊन कसंतरी व्हायचं.

आणि अप्पांची ती गोष्ट मी कचेरीत मधल्या सुट्टीत हजारदा सांगितली. डबे उघडले की कुणीतरी म्हणायचंच, मॅडम, ते कम्प्युटरचं पाणी सांगा. मी रंगवून सांगायची. म्हातारा कसा फसला, मशीनचं म्हणून आमच्या पंपाचं पाणी कसं गटकलं. लोक पोट धरून हसत. माझा जुना राग त्या हसण्यात जरा थंड होई.

परवा उदगीरला गेले. मैत्रीण निवृत्त होऊन वडिलांजवळ राहायला आली आहे. अप्पा आता फार थकले आहेत. बैठकीत उशीला टेकून बसलेले, कपाळाला भस्म तसंच. माझा चेहरा त्यांना आठवला नाही, पण हिनं सांगताच म्हणाले, "लातूरची. आत्या कशी हाय तुझी?"

मी म्हटलं, गेली. बरीच वर्षं झाली.

नातसुनेनं पाणी गाळायच्या मशीनचं थंड पाणी काचेच्या ग्लासात आणून दिलं. मी प्याले. अप्पा माझ्या हातातल्या ग्लासाकडं पाहत म्हणाले, "तुझ्या आत्याचं पाणी लई खारं होतं बघ."

मी ग्लास खाली ठेवला. मैत्रीण दारात उभी होती, ती तिथंच थांबली.

"टँकरचं गोड असतंय," अप्पा म्हणाले. "ते तर तोंडात धरवत नव्हतं. पयल्या घोटालाच कळलं."

"मग बोलला का नाही?" माझा आवाज जरा चढलाच.

"काय बोलू? पोरगी जन्मात माझ्यासमोर खोटं बोलली नव्हती. म्हटलं, एवढं खोटं बोलून शिकायलीय, तर शिकू दे."

"आणि फिरकीचा तांब्या? तो का भरून घेतला?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. काय विचारते आहे ही, असं. "तहान लागली हुती, पोरी," ते म्हणाले. "उदगीर लांब हाय. निम्म्या वाटंत परत प्यालो."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. इतकी वर्षं मी ज्यांना फसवलं म्हणून लोकांना हसवत होते, ते सगळं जाणून आमच्या घरचं पाणी हातात घेऊन उदगीरच्या वाटेला लागले होते. तेव्हा मला एकच वाटलं, आत्या हवी होती. ती या माणसाला नक्की रागावली असती. म्हणाली असती, खारं लागलं तर सांगायचं की, गुळाचा खडा दिला असता.